हॉस्पिसमधल्या मावशींना काय द्यावं? (नाशिककर, जरा सुचवा)

जेलरोडची_सून | ९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझे सासरे, आमचे अण्णा, १८ जानेवारीला गेले. वय ८४. नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये ३६ वर्षं नोकरी, नोटा तपासून मोजायच्या खात्यात. प्रोस्टेटचा कॅन्सर होता, तो हाडांत उतरला. दिवाळीनंतर मोठ्या डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "आता घरी न्या, सेवा करा." सेवा करा म्हणजे नेमकं काय करा, हे सांगायला कोणी थांबलं नाही. मी शाळेत शिकवते, नवऱ्याची अंबडला शिफ्ट, सासूबाई ७९ च्या. अण्णांनी उभ्या आयुष्यात आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता, पण कूस बदलताना असे ओरडायचे की समोरच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायला लागायचा.

शेजारच्या काकूंनी पॅलिएटिव्हवाल्यांचा, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं कमी करून काळजी घेणाऱ्यांचा, नंबर दिला. (संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते लोक जाहिरातीला बिचकतात.) तिसऱ्या दिवशी एक सिस्टर, एक डॉक्टर आणि एक समुपदेशक मुलगी अशी तिघं घरी आली. सिस्टरने आधी अण्णांना विचारलं, "काका, दुखणं दहापैकी किती?" अण्णा म्हणाले, "बारा." ती म्हणाली, "प्रेसमध्ये असला हिशेब चालायचा का?" दीड महिन्यात अण्णा पहिल्यांदा हसले.

मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. दर चार तासांनी, घड्याळ लावून, दुखो न दुखो. सोबत पोट साफ होण्याचं औषध. गोळ्यांचा हिशेब वहीत लिहायचा, रिकाम्या स्ट्रिपा जपून ठेवायच्या. तिसऱ्या रात्री अण्णा सलग सहा तास झोपले आणि सकाळी उठून चहा पाणचट झालाय म्हणून कुरकुरले. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून रडल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना कोणी चहाला नावं ठेवली होती.

शेवटचे ११ दिवस मात्र घरी जमेना. दम लागायचा, पाठीला जखम होऊ घातली होती, रात्री दर दोन तासांनी कूस बदलायला दोन माणसं लागायची. मग त्यांच्याच हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या वॉर्डात नेलं. आठ खाटा, बाहेर गुलमोहर, आणि रात्रपाळीला एक मावशी. पेठकडच्या. पन्नाशीच्या असतील. माझा सगळा धागा या मावशींसाठी आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री अण्णांची बोटं चाळा करायला लागली. चादर चिमटायची, ओढायची, सोडायची. आम्हाला बघवेना. नवरा म्हणाला, हात बांधून ठेवायला सांगू का? मावशी पाच मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ताई, बाबा काय काम करायचे?" मी सांगितलं. काही न बोलता गेल्या आणि नर्सिंग स्टेशनवरचे रद्दी कागद कापून, रबर लावून त्याची नोटांएवढी गड्डी करून आणली. अण्णांच्या हातात दिली.

अण्णांनी रबर काढलं. बोट जिभेला लावलं. आणि मोजायला लागले. डोळे मिटलेले, ओठ हलतायत, अंगठा सरसर चाललाय. मोजून झालं की गड्डी पुढे करून म्हणायचे, "दोन कमी आहेत." मावशी म्हणायच्या, "बाबा, परत बघा बरं." की पुन्हा पहिल्यापासून. असं रोज रात्री. आणि कूस बदलायला घेतलं की अण्णा दोन्ही हात वर करायचे. आम्हाला कळेना हे काय. सासूबाईंनी सांगितलं, सुटताना गेटवर झडती व्हायची ना, तसे उभे राहतायत. त्यानंतर मावशी कूस बदलण्याआधी म्हणायच्या, "बाबा, सुट्टी झाली, चला गेटवर." हात आपोआप वर. काम सोपं.

आता अवघड भाग. अण्णांनी शेवटच्या चार दिवसांत खाणं सोडलं. सासूबाई शिऱ्याचा डबा घेऊन यायच्या आणि तसाच परत न्यायच्या. सलाईन लावा म्हणून आम्ही मागे लागलो. सिस्टरने सासूबाईंना शेजारी बसवून सांगितलं, "आजी, चूल विझायला आली की लाकूड घालून जाळ होत नाही, धूरच होतो. आता पाणी चढवलं तर ते अंगात मुरणार नाही, पायाला आणि छातीत साचेल. घशाची घरघर वाढेल. तुम्ही ओठ ओले ठेवा." मग सासूबाई कापूस पाण्यात बुडवून, त्यात तुळशीचं पान टाकून, तासातासाला ओठ पुसत बसल्या. त्यांना काम मिळालं. तेही मावशींनीच शिकवलं, बोळा किती पिळायचा इथपासून.

अण्णा पहाटे पावणेपाचला गेले. मी आणि मावशी होतो. नवरा चहा आणायला खाली गेला होता, याचं त्याला अजून लागतं.

दहाव्याला गंगेवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पाऊण तास. थोरले दीर डोंबिवलीहून आले होते. आजारपणात दोनदा येऊन गेले, त्यांच्या नोकरीचं मला माहीत आहे, त्यावर काही म्हणायचं नाही. पण तिथे सगळ्यांसमोर म्हणाले, "उपाशी गेलेत. कसा शिवेल?" शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. तेव्हापासून सासूबाई धड जेवत नाहीत.

तर प्रश्न: या मावशींना, सिस्टरना आम्हाला काहीतरी द्यायचंय. पाकीट पुढे केलं तर मावशींनी हात मागे घेतले, "आमाला चालत नाही ताई." देणगी संस्थेला दिली, ती वेगळी. या बायकांना काय द्यावं?

---

पंचवटीकर | ९ फेब्रुवारी, रात्री ११:५२

अण्णांना श्रद्धांजली. कावळ्याचं मनावर घेऊ नका. आमचं घर गंगेच्या काठावर, चार पिढ्या. रामकुंडावर सकाळपासून इतके पिंड असतात की दहा वाजेपर्यंत कावळ्यांची पोटं टम्म झालेली असतात. आमच्या आजोबांना शिवला नव्हता आणि ते तर बासुंदी पिऊन गेले होते. सासूबाईंना हे जरूर सांगा.

वणीची_लेक | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

वाचून भरून आलं. येवल्याची पैठणी द्या ना मावशींना. सेमी घेतली तरी छान मिळते.

तर्री_कमी | १० फेब्रुवारी, सकाळी ९:०३

पैठणी नेसून त्या बेडपॅन उचलणार का? सॉरी, पण आपण नेहमी आपल्याला जे द्यायला आवडतं ते देतो. त्यांची पोरं काय शिकतात ते विचारा, एखाद्या वर्षाची फी भरा.

वणीची_लेक | १० फेब्रुवारी, सकाळी ९:२०

लग्नाकार्यात नेसतील की! मावशींना काय घरच नाही?

तर्री_कमी | १० फेब्रुवारी, सकाळी ९:२४

बरोबर आहे. माझंच चुकलं.

परखड_बोल | १० फेब्रुवारी, दुपारी १:४०

राग आला तरी लिहितो. घरात सून, मुलगा, बायको असताना म्हाताऱ्या माणसाला परक्या खाटेवर मरायला नेऊन ठेवायचं आणि मग परक्यांचे आभार मानत फिरायचं, हे मला पटत नाही. आमच्या आजीला आम्ही दोन वर्षं घरी केलं. आणि मॉर्फिन म्हणजे शेवटी अफू. माणूस गुंगीत ठेवायचा, तो जेवण मागत नाही, मग म्हणायचं शांतपणे गेला. तुमच्या दिरांचं अगदीच चूक नाही.

जेलरोडची_सून | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१०

@परखड_बोल, तुमच्या घरी दोन वर्षं केलं ते कोणी केलं? म्हणजे रात्री दोनला डायपर कोणी बदलला? हे टोमण्याने विचारत नाही, खरंच जाणून घ्यायचंय. आमच्याकडे मी बदलत होते. अण्णा मला "मास्तरीणबाई" म्हणायचे आणि माझ्याकडून साफ करून घेताना भिंतीकडे तोंड करून रडायचे. मावशींसमोर कधी रडले नाहीत. त्यांच्याशी ते शेतीच्या गप्पा मारायचे. परक्या खाटेवर त्यांची लाज तरी राहिली.

परखड_बोल | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५५

माझ्या आईने केलं.

डॉ_वामकुक्षी | १० फेब्रुवारी, रात्री १०:३०

मी फिजिशियन, गेली २२ वर्षं नाशकात प्रॅक्टिस. अफूबद्दल लिहिणं भाग आहे, कारण या एका शब्दापायी मी माणसं तळमळताना पाहिली आहेत.

मॉर्फिन अफूपासूनच बनतं, हे बरोबर. पण दुखण्याच्या मापाने, थोडं थोडं वाढवत दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही. पहिले दोन-तीन दिवस झोप येते, मळमळतं, मग शरीर रुळतं. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून सोबत रेचक द्यावंच लागतं, ते या ताईंनी लिहिलंच आहे. दम लागलेल्या रुग्णाला तर छोट्या डोसने श्वास सुसह्य होतो. गोळी घेऊन अण्णांनी चहाला नावं ठेवली, हे गुंगीतल्या माणसाचं लक्षण नाही.

खाणं सुटण्याचंही तसंच. शेवटच्या दिवसांत भूक जाते ती आजाराने, गोळीने नव्हे. तहान वाटते ती बहुतेक तोंड कोरडं पडल्यामुळे, आणि त्यावर उपाय ओला बोळाच. सलाईनची बाटली लटकलेली दिसली की नातेवाइकांना बरं वाटतं. ते सलाईन बरेचदा नातेवाइकांसाठीच असतं, रुग्णासाठी नाही. मीही लावलंय तसं, कबूल करतो, भांडण नको म्हणून.

आता थोडा संताप. आपला देश अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या मोजक्या देशांपैकी. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आपली अफू परदेशातल्या औषध कंपन्यांना जाते. आणि इथल्या माणसाला वेदनेत गोळी मिळत नाही. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला, मॉर्फिन ठेवायचं तर एवढे परवाने लागायला लागले की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन ते परवाने सुटसुटीत झाले, पण मधली जवळपास तीस वर्षं जे डॉक्टर शिकून बाहेर पडले (मी त्यातलाच), त्यांनी मॉर्फिन लिहायची सवयच लावून घेतली नाही. भीती कायद्यातून गेली, हातातून गेली नाही.

गोदाकाठचा_वाचक | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

थोडी माहिती जोडतो. आजच्या हॉस्पिसची सुरुवात लंडनला १९६७ मध्ये सिसिली सॉण्डर्स यांनी केली. या बाई आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. आपल्याकडे पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला, शांती अवेदना, १९८६. पुण्यात वारज्याला १९९७ मध्ये केंद्र सुरू झालं. केरळात तर गल्लीतले लोकच आठवड्याचे काही तास देऊन शेजारच्या रुग्णाकडे जातात आणि सरकारने २००८ मध्ये त्याचं धोरणच केलं. आपल्याकडे गल्लीगल्लीत गणेश मंडळं आहेत. त्या पोरांच्यात हे करायची ताकद नक्की आहे. वर्गणीला दार वाजवतातच की.

सिडको_बॉय | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

मंडळवाला बोलतोय. आमच्याकडे दोन व्हीलचेअर, एक फाउलर बेड (डोक्याची-पायाची बाजू उंच करता येणारी खाट) आणि एअर मॅट्रेस आहे, फुकट देतो, डिपॉझिट फक्त. पण लोक परत आणून देत नाहीत ओ! माणूस जाऊन वर्ष होतं आणि बेडवर पापड वाळत असतात.

गंगापूररोड_७८ | ११ फेब्रुवारी, दुपारी ४:००

तुम्ही सगळे खाटेशेजारच्या खुर्चीवरून बोलत आहात. मी थोड्याच दिवसांत खाटेवर असेन. वय नावात आहे. स्वादुपिंडाचा आजार, नोव्हेंबरमध्ये कळला. केमो एकदा घेऊन बंद केली, माझ्या मर्जीने. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. विषय काढला की सूनबाई "बाबा, अशुभ बोलू नका" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतात. मुलगा व्हॉट्सॲपवर कारल्याचे रस पाठवतो.

मला व्हेंटिलेटर नको, नाकात नळी नको. दुखू नये आणि खिडकी असावी. हे कागदावर लिहून ठेवता येतं का? कोणी कायदेतज्ज्ञ असल्यास कृपया सांगावे.

वकिलीण_शरणपूररोड | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२०

काका, नमस्कार. येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात अशा इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हा ते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर करावं लागायचं, म्हणून फार कोणी केलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अट सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. तुम्ही शुद्धीत आणि स्वखुशीने करताय हे त्यात यायला हवं. तुमच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, त्या व्यक्तींची नावं लिहा. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक मुलाकडे. वेळ आली की रुग्णालयातलं डॉक्टरांचं मंडळ आणि त्यानंतर दुसरं मंडळ ते तपासतं, नुसत्या कागदावर कोणी नळी काढत नाही. मन बदललं तर कागद केव्हाही बदलता येतो.

बाकीच्यांसाठी एक जोड: घरी मृत्यू झाला तर नेहमीच्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला (फॉर्म ४-अ) घ्या आणि २१ दिवसांच्या आत महापालिकेत नोंद करा. दुःखात हे राहून जातं आणि पुढे पेन्शनला, बँकेत अडतं.

काका, माझं ऑफिस तुमच्यापासून जवळ आहे. निरोप पाठवा, मीच घरी येते. फी वगैरे काही नाही.

गंगापूररोड_७८ | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४१

या. चहा साखरेचा करायला सांगतो, आता पथ्य नाही.

दोन_नंबर_बेड | ११ फेब्रुवारी, रात्री ११:५८

इथे कधी लिहीत नाही, फक्त वाचतो. आमचे वडील एका मोठ्या दवाखान्यात आयसीयूत १९ दिवस होते. भेट दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. नळ्यांमुळे बोलता येत नव्हतं. एकदा हाताने लिहायची खूण केली, मी पेन शोधेपर्यंत वेळ संपली, सिक्युरिटीने बाहेर काढलं. काय लिहायचं होतं ते राहिलं. तिथे माणसं वाईट नव्हती, सगळे धावपळ करत होते. पण वडील काय काम करायचे, असं आम्हाला कोणी विचारलं नाही. ते टेलर होते. एवढंच.

जेलरोडची_सून | १२ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

@दोन_नंबर_बेड, रात्री वाचलं. झोप लागली नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

रातपाळी | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

मी नर्स आहे. याच कामात, दहा वर्षं. तुमच्या अण्णांच्या वॉर्डात नाही, पण आमचे वॉर्ड सगळे सारखेच. सुट्टी आहे आज, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी परखड_बोल यांना. दादा, तुमच्यासारखे नातेवाईक आम्हाला रोज भेटतात आणि खरं सांगू, ते चालतात. जो भांडतो त्याचं लक्ष असतं. आम्हाला भीती वाटते ती गुपचूप पैसे भरून जाणाऱ्यांची, जे फोन करून फक्त एवढंच विचारतात, "अजून किती दिवस?"

तुमच्या आईने दोन वर्षं केलं. त्यांची पाठ कशी आहे आता? विचारा एकदा.

आता काय द्यावं ते. मिठाई खूप येते, पण ती ऑफिसात येते. दिवसपाळी खाते. रात्रपाळीला सकाळी रिकामा खोका मिळतो. (हसू नका, दुखरी जागा आहे.) सगळे आभार डॉक्टरांना, मग सिस्टरना. मावशींना "अहो त्या ह्या" म्हणतात. मावशींचं नाव विचारून घ्या आणि संस्थेला पत्र लिहा. त्यात कधी, काय, कोणी केलं ते नावानिशी लिहा. "सर्व कर्मचारीवृंदाचे आभार" असं नको. आमच्याकडे अशी पत्रं मीटिंगमध्ये मोठ्याने वाचतात. एका मावशींनी तसलं पत्र लॅमिनेट करून घरी देवाशेजारी लावलंय. त्यांच्या मुलीला बघायला आलेले लोक "आई कुठे कामाला?" विचारून गप्प झाले होते. मरणाच्या घरात काम करते म्हणून दोन स्थळं गेली. तिसऱ्याने ते पत्र वाचलं.

दुसरं, फोटो न्या. आम्हाला तुमचा माणूस भेटतो तेव्हा तो निम्माच उरलेला असतो. ४० किलोचा, दात काढलेला, डोळे मिटलेला. तो स्कूटरवर कसा दिसायचा ते आम्हाला कधीच कळत नाही. मी तीन रात्री ज्या आजींचे केस विंचरले, त्या कथ्थक करायच्या हे मला त्यांच्या शोकसभेच्या बातमीत कळलं. आधी कळलं असतं तर निदान पायांना हात लावताना लक्षात ठेवलं असतं.

तिसरं, महिन्याभराने या. तेव्हा कोणी येत नाही. माणूस गेला की खाट तासाभरात धुतात आणि संध्याकाळी तिथे दुसरं कोणी असतं, आम्हाला रडायला जागा नसते. मावशी मात्र त्यांच्या पद्धतीने करतात. तुम्ही बाहेर फोन लावत असता तेव्हा त्या आत अंग पुसत असतात, नळी काढतात, हनुवटीला पट्टी बांधतात, भांग पाडतात. आणि हे करताना बोलत असतात: "बाबा, आता डाव्या कुशीवर घेते हं. झालं, झालं." गेलेल्या माणसाशी. मी नवीन असताना विचारलं होतं, मावशी, त्यांना आता कुठे ऐकू येतंय? त्या म्हणाल्या, "एवढे दिवस सांगून हात लावला, आज न सांगता कसा लावू?"

घरघरीबद्दल एक. घशातला आवाज ऐकून लोक घाबरतात, गुदमरतोय वाटतं. रुग्णाला तेवढा त्रास होत नसतो, गिळायची ताकद गेल्याने लाळ साचलेली असते. कुशीवर वळवा, उशी उंच करा, इंजेक्शनने कमी होतं. लाळ ओढून काढणाऱ्या सक्शन मशीनच्या मागे लागू नका, त्यानेच जास्त त्रास होतो.

पगार विचारू नका. :-)

परखड_बोल | १२ फेब्रुवारी, रात्री ९:०५

आईला स्लिप डिस्क आहे. आजी गेल्यापासूनच. आज विचारलं.

पंचवटीकर | १२ फेब्रुवारी, रात्री ९:३०

धागा माझ्या निवडक दहा धाग्यांत टाकला आहे.

वणीची_लेक | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:००

@रातपाळी ताई, तुमच्या वॉर्डाला रात्रपाळीचा खोका मी पाठवणार. रात्री नऊनंतर पोचेल असा. कोंडाजी चिवडा चालेल का? पत्ता निरोपात द्या.

---

जेलरोडची_सून | २ मार्च, रात्री १०:१५

सगळ्यांनी सांगितलेलं केलं, म्हणून कळवायला आले.

पत्र लिहिलं. नवऱ्याने तीनदा खोडलं, शेवटी सासूबाईंनी सांगितलं तसं लिहून घेतलं. फोटो शोधला. अण्णा चाळिशीतले, लॅम्ब्रेटावर, मागे सासूबाई, मधे थोरले दीर चड्डीत. माझं माहेर पिंपळगावचं, बागेतली द्राक्षं निघालीच होती, भावाने दोन पेट्या दिल्या. एक दिवसपाळीला, एक रात्रपाळीला, वर मोठ्या अक्षरात लिहून. आणि मुद्दाम रात्री साडेनऊला गेलो, मावशी आल्यावर.

अण्णांच्या खाटेवर आता एक आजी आहेत, लासलगावकडच्या. सासूबाई आधी दारातच थांबल्या. मग जाऊन त्यांच्याच शेजारी बसल्या, बोळा करायला. कोणी सांगितलं नव्हतं.

मावशींनी फोटो उजेडात नेऊन बघितला. म्हणाल्या, "बाबांच्या मिशा होत्या व्हय!" आणि हसत सुटल्या. सिस्टरना बोलावून दाखवला.

मी विचारलं, मावशी, ती कागदाची गड्डी आहे का हो? मला ठेवायची होती. तर म्हणाल्या, "ती गेली रद्दीत. कागदंच होती ना ताई." मला जरा वाईट वाटलं. म्हटलं, असू दे, अण्णांना शेवटपर्यंत भास व्हायचा दोन कमी असल्याचा. तर मावशी माझ्याकडे बघत राहिल्या.

"भास कसला? दोन कमीच होत्या. मी अठ्ठ्याण्णवच ठेवल्या होत्या. शंभर भरल्या असत्या तर काम झालं म्हणून बाबांनी गड्डी खाली ठेवली असती, आन् पुन्हा चादर ओढत बसले असते."

म्हणजे अण्णा बरोबर मोजत होते. रोज. शेवटून दुसऱ्या रात्रीपर्यंत.

घरी आल्यावर थोरल्या दिरांना मीच फोन लावला. दहाव्यानंतर आमचं बोलणं नव्हतं. हे सगळं सांगितलं, अठ्ठ्याण्णवचंही. पलीकडून कितीतरी वेळ काही आवाज नाही, मला वाटलं कट झाला. मग म्हणाले, "द्राक्षं कुठली नेली होतीस?"

म्हटलं, थॉमसन.

"अण्णांना थॉमसन आवडायची," म्हणाले. "आईला दे फोन."